छप्पर बदलायचा खर्च : 95 हजार खरे की 2 लाख 60 हजार?

बोरिवलीच्या गावठाणात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. घर बैठं, 20 बाय 30 फुटांचं, दुपाखी छप्पर. वर वडिलांनी साधारण 25 वर्षांपूर्वी घातलेले सिमेंटचे पन्हळी पत्रे. मे महिन्यातल्या वादळी पावसात शेजारच्या आंब्याची फांदी पडून आणि वाऱ्याने मिळून सात पत्रे फुटले. दोन कोटेशनं आली, दोन्हींवर 'संपूर्ण छप्पर बदलणे, कलर पत्रा' एवढंच लिहिलेलं. एक 95 हजारांचं, दुसरं 2 लाख 60 हजारांचं. यातलं कोण फसवतंय? आणि निफाडला मामांकडे गारपीट झाली तेव्हा त्यांनी सगळेच पत्रे बदलले, मग आम्हीही सगळे बदलायचे का?

ताई, बहुधा दोघंही फसवत नाहीयेत. दोघांनी दोन वेगळ्या कामांचे भाव दिलेत आणि कागदावर नाव मात्र एकच लिहिलंय. मी मुंबईत आणि उपनगरांत छपरांचीच कामं करतो. गावठाणातली घरं, चाळी, सोसायट्यांच्या गच्चीवरच्या शेड, सगळीकडे हाच घोळ दिसतो. माणूस पत्र्याचा भाव विचारतो, कंत्राटदार पत्र्याचा भाव सांगतो आणि पत्र्याखालचं कुणी बघतच नाही. छपराचा खरा खर्च तिथे असतो. तुमच्याच घराचा हिशेब मांडून दाखवतो.

आधी क्षेत्रफळ. घर 20 बाय 30 म्हणजे 600 चौरस फूट, म्हणून छप्परही 600 असं सगळे धरतात. पण पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून चारी बाजूंनी दीड-दीड फूट वळचण काढावीच लागते, म्हणजे वरून माप झालं 23 बाय 33. त्यात उतार. मधलं आढं कडेपेक्षा चारेक फूट उंच असेल तर एका पाखीची तिरपी लांबी 11.5 नाही, 12 फुटांच्या थोडी वर जाते. दोन्ही पाख्या मिळून 800 चौरस फूट. पत्रा त्याहून जास्त लागतो, कारण 1.07 मीटर रुंदीचा पत्रा शेजारच्यावर चढवला की झाकतो साधारण 1 मीटरच. साडेबारा फुटी 20 पत्रे धरा, म्हणजे 875 चौरस फुटांचे पैसे मोजाल. कोटेशनमध्ये नुसतं '600 फूट' दिसलं तर एक तर माप घेतलेलं नाही, नाहीतर बिलाच्या वेळी आकडा वाढणार आहे.

आता दर. हे मला सध्या पडणारे अंदाजे दर आहेत, लोखंडाच्या भावाबरोबर वर-खाली होतात. चांगल्या कंपनीचा अर्धा मिलिमीटर कलर कोटेड पत्रा कर धरून चौरस फुटाला 50 ते 60 रुपये. 55 धरला तर 48 हजार. आढ्यावरचं झाकण म्हणजे टॉप रिज आणि दोन्ही तोंडांच्या कडेच्या पट्ट्या मिळून 83 रनिंग फूट, त्याचे 9 हजार. स्क्रू, वॉशर, सिलिकॉन 4 हजार. बसवायची मजुरी फुटाला 25 रुपये, म्हणजे 20 हजार. जुने पत्रे उतरवून नेणं 12 हजार. झाले 93 हजार. म्हणजे 95 हजारवाल्याने जुन्याच लोखंडावर नवा पत्रा ठोकून द्यायचा भाव दिलाय, आणि तेवढ्या कामाला तो भाव रास्त आहे.

दुसऱ्याच्या आकड्यात काय असू शकेल? खालचा सांगाडा नवा करायचा तर अशा घराला मध्ये तीन-चार कैच्या, म्हणजे छपराला पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि दोन्ही पाख्यांवर मिळून आठ ओळी पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे दांडे, लागतात. बॉक्स पाइपमध्ये केलं तरी 700 ते 900 किलो लोखंड जातं. कापून, वेल्डिंग करून, रेड ऑक्साइडवर रंग मारून, वर चढवून किलोला 115 रुपये धरले तर 800 किलोचे 92 हजार होतात. दोन्ही बाजूंची पन्हाळ आणि खाली उतरणारे पाइप 21 हजार. पत्र्याखाली उष्णता अडवणारा फोमचा थर 22 हजार. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी करून त्यात बोल्ट पुरणं, मग प्लास्टर, 15 हजार. परांची आणि काम चालू असताना झाकायला ताडपत्री, 10 हजार. सगळं मिळून 2 लाख 53 हजार. तुमच्या 2 लाख 60 हजारांच्या जवळच आलो की नाही?

या पूर्ण कामात पत्र्याचे पैसे पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहेत. म्हणून पत्र्यात फुटामागे पाच रुपये वाचवायला दुकानं पालथी घालण्यात फार अर्थ नसतो. वाचले तर चार हजार वाचतात. खालचं लोखंड ठेवायचं की बदलायचं, हा निर्णय लाखभराचा आहे, आणि तो जमिनीवर उभं राहून वर बघत घेता येत नाही.

तो असा घ्यायचा. फुटलेल्या सात पत्र्यांपैकी एक-दोन पूर्ण उतरवायला सांगा. त्या दिवसाची मजुरी वेगळी द्या, म्हणजे बघणाऱ्याला काम मिळवायची घाई राहत नाही. सिमेंटचा पत्रा पर्लिनला इंग्रजी J आकाराच्या हुकांनी अडकवलेला असतो. वरून त्या हुकाचा नट, त्याखालचं डांबराचं वॉशर सगळं धडधाकट दिसतं. हुक बाहेर काढून हातात घ्या. जिथे तो पत्र्याच्या भोकातून खाली उतरतो, तिथेच पाणी मुरतं, आणि तिथे 8 मिलिमीटरची सळई गंजून आगकाडीएवढी उरलेली असते. 25 वर्षांच्या छपरात हे मी हमखास बघतो. असे चार-पाच हुक निघाले, तर सात पत्रे फुटले ते निव्वळ फांदीने नाही. पुढच्या वादळात बाकीचेही जातील.

मग पर्लिन. मधोमध हातोडी मारून खणखणीत आवाज आला म्हणून खूश होऊ नका. लोखंड मध्ये सडत नाही, भिंतीत घुसलेल्या टोकाला सडतं, कारण ओली भिंत त्याला वर्षातले चार महिने धरून बसते. टोकापाशी प्लास्टर चार इंच फोडून आत पाहा. पापुद्रे निघत असतील, स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जात असेल, तर ती पर्लिन गेली. लाकडी वासे असतील तरी कसोटी हीच, टोकं बघायची, आणि वाळवीसाठी खालची बाजू टोकरायची. टोकं शाबूत असतील, लोखंडाची जाडी बरी असेल, तर घासून, गंज काढून, दोन हात रंग मारून तेच लोखंड आणखी बरीच वर्षं चालतं. तेव्हा 92 हजारांच्या जागी 12-15 हजारांत भागतं. दोन्ही कंत्राटदारांना याच उघड्या जागेपाशी बोलवा आणि सांगा, हे बघून भाव द्या. आकडे आपोआप जवळ येतील.

एक अडचण मात्र आहे. जुनं लोखंड सिमेंटच्या पत्र्याच्या मापाने बसवलेलं असतं. 6 मिलिमीटरच्या सिमेंट पत्र्याला पर्लिनमधलं अंतर 1.4 मीटरपर्यंत ठेवतात. धातूच्या पातळ पत्र्याला मी 1.2 मीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे लोखंड चांगलं असलं तरी मध्ये एखादी ओळ वाढवावी लागू शकते. 95 हजारवाल्याने याचा विचार केलाय का, तेवढं विचारा.

आता वजनाचं. लोक म्हणतात, नवा पत्रा हलका, भिंतीवरचा भार कमी झाला, बरं झालं. भिंतीपुरतं हे खरं आहे. तुमच्या 800 फुटांवर सिमेंटचे पत्रे टनाच्या आसपास वजनाचे आहेत. हीच मंगलोरी कौलं असती तर चौरस मीटरला साधारण 15 या हिशेबाने हजारावर कौलं, म्हणजे अडीच टनांच्या वर. आणि कलर पत्रा सगळा मिळून साडेतीनशे किलो. पण वाऱ्याच्या बाबतीत हाच हलकेपणा वैरी होतो. वारा छप्पर खाली दाबून मोडत नाही, तो वरून जाताना छप्पर वर खेचतो, आणि उघड्या खिडकी-दारातून आत शिरला की खालूनही ढकलतो. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा वारा नोंदला गेला. त्या वेगाला दाब येतो चौरस मीटरला सुमारे 60 किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन साडेचार किलो. बाकी सगळं ओढणं स्क्रू, पर्लिन आणि भिंतीतला बोल्ट यांनी पेलायचं असतं. भारतीय मानकात मुंबईसाठी धरलेला मूळ वाऱ्याचा वेग तर सेकंदाला 44 मीटर आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यामुळे 'इथे एवढा वारा येत नाही' असं सांगणाऱ्याला काम देऊ नका.

म्हणून भिंतीत बोल्ट पुरायच्या त्या 15 हजारांना मी कधी कात्री लावू देत नाही. जुन्या घरांत पर्लिन नुसती भिंतीच्या खाचेत ठेवून वर विटा लावलेल्या असतात. सिमेंट पत्र्याच्या टनभर वजनाखाली ती जागची हलत नव्हती. साडेतीनशे किलोच्या पत्र्याखाली ती उचलली जाते, विटांसकट. उडालेले पत्रे रस्त्यावर सापडतात, त्यांतले किती तरी आपल्या पर्लिनला अजून घट्ट चिकटलेले असतात. पत्रा सुटलेला नसतो, सगळा सांगाडाच भिंतीतून निघालेला असतो.

स्क्रूची गोष्ट छोटी, पण गळती तिथूनच सुरू होते. वाऱ्याचा जोर कडेला आणि आढ्यापाशी सगळ्यांत जास्त, म्हणून त्या ओळींत प्रत्येक उंचवट्याला स्क्रू हवा. मधल्या ओळींत एक सोडून एक चालतो. मशीन लावून स्क्रू इतका आवळतात की खालचं रबर वॉशरबाहेर फुगून येतं. ते रबर दोन उन्हाळ्यांत तडकतं. रबर वॉशरच्या कडेला जेमतेम दिसेल इतकंच आवळायचं. काम चालू असताना शिडीवर चढून पाच-सहा स्क्रू स्वतः बघा, किंवा फोनवर जवळून फोटो मागा. आणि पत्र्याला भोकं पाडताना उडालेला लोखंडी चुरा त्याच संध्याकाळी झाडून घ्यायला लावा, नाहीतर पहिल्या पावसात नव्या पत्र्यावर तांबेरा धरतो आणि माणूस पत्र्याला शिव्या घालतो.

पत्रा घेताना दोन गोष्टी बघा. पहिली जाडी. अर्धा मिलिमीटर सांगून 0.45 देणं बाजारात नवीन नाही. शिवाय 0.50 हा आकडा रंग आणि मुलामा धरून की नुसत्या लोखंडाचा, हेही विचारा. दोन्ही बोलण्यांत फरक आहे. दुकानात मायक्रोमीटर असतो, तुमच्यासमोर लावायला सांगा. दुसरी, मुलामा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा जास्त टिकतो. चौरस मीटरला 150 ग्रॅमचा मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. गोराई, वर्सोवा, कुलाब्याकडच्या माणसाने यात तडजोड करू नये.

पन्हाळीबद्दल. बोरिवलीत एखाद्या दिवशी तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडणं अशक्य नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर झाला होता. तासाला 100 धरला तर तुमच्या एका पाखीवरून तासाभरात साडेतीन हजार लिटर पाणी खाली येतं, म्हणजे सेकंदाला एक लिटर. पन्हाळ नसेल तर ते सरळ जोत्याशी कोसळतं आणि गावठाणात शेजाऱ्याच्या भिंतीवर. त्यावरून झालेली भांडणं मी पुष्कळ मिटवलीत. प्रत्येक बाजूला चार इंची दोन पाइप द्या. आंबा शेजारी आहे, पानं साचणार, त्यामुळे तोंडाशी जाळी लावा आणि ती हाताने काढता येईल अशी लावा.

फोमचा थर घ्यावा का? आईबाबा घरात दुपारी झोपत असतील तर घ्या. सिमेंटच्या पत्र्याखाली 25 वर्षं काढलेल्या माणसाला नुसता धातूचा पत्रा मे महिन्यात सोसवत नाही. आणि जुलैमधल्या रात्री पावसाचा आवाज असा होतो की फोनवर बोलता येत नाही. नंतर लावायचा म्हटलं तर सगळे पत्रे पुन्हा काढावे लागतात. हे 22 हजार आत्ताच जाऊ द्या.

आता मामांच्या गारपिटीकडे येतो, कारण तिथला न्याय तुम्हाला इथे लावता येणार नाही. मुंबईत गारा क्वचितच पडतात. नाशिक, मराठवाडा, विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिल हे दिवस त्यांचे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तिकडचे लोक अजून विसरलेले नाहीत. गारेचा मार छपराच्या जातीप्रमाणे वेगळा दिसतो. धातूच्या पत्र्याला पोचे येतात. बघायला वाईट, पण भोक नाही, रंग तडकलेला नाही, सांधे उघडलेले नाहीत, तर तो पत्रा बदलायची काहीच गरज नसते. रंग तडकला असेल तर पोच्यात पाणी साचून गंज धरतो, तेवढ्या जागा घासून रंगवायच्या. सिमेंटच्या पत्र्याचं उलटं आहे. वरून काही दिसत नाही आणि आत केसासारखी चीर गेलेली असते. भर दुपारी घरातले दिवे बंद करून, दार लावून खालून बघायचं. चीर असेल तिथे उजेडाची रेघ दिसते. आरपार नसेल तर पाऊस पडून गेल्यावर ओलीची रेघ उमटते. कौलं फुटली तर दिसतातच, आणि एकेक बदलता येतात, हा कौलांचा मोठा गुण. सगळ्यांत आधी जातात ते उजेडासाठी टाकलेले फायबरचे किंवा पॉलीकार्बोनेटचे पत्रे, कारण उन्हाने ते आधीच ठिसूळ झालेले असतात. आणि गच्चीवरच्या सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या.

मामांचे पत्रे सिमेंटचे होते आणि चिरा सगळीकडे होत्या, तर त्यांनी बदलले ते बरोबर केलं. पोचे आलेला कलर पत्रा बदलला असेल, तर तो खर्च बहुतेक टाळता आला असता. तुमच्याकडे मार एका बाजूला, फांदीखाली आहे. म्हणून सगळं बदलायचं की सात, हे गारांवरून नाही, हुक आणि पर्लिनची टोकं काय सांगतात त्यावरून ठरेल. ते चांगले निघाले, तर सात पत्रे, नवे हुक आणि मजुरी मिळून 20 हजारांच्या आसपास निभावेल आणि आणखी काही वर्षं मिळतील. 25 वर्षांचं छप्पर बघता मला तशी आशा कमी आहे, पण उघडून पाहिल्याशिवाय मी तुम्हाला अडीच लाख घाला असं सांगणार नाही.

मामांना पैशांच्या मदतीबद्दल एक सांगा. गारपिटीनंतर तलाठ्याकडून पंचनामा करून घेतला असेल, तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-26 साठीच्या निकषांत पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड असल्यास 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000 आणि पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये अशी तरतूद आहे. छपराचा खर्च त्यात निघत नाही, पण हक्काचे पैसे सोडू नयेत.

तुमच्या घराचा विमा आहे का? गृहकर्ज घेताना बँकेने काढलेला असू शकतो, कागद बघा. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. त्यात वादळ, चक्रीवादळ, पूर येतात. डेब्रिज हलवण्याचा खर्च दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी 5 टक्क्यांपर्यंत मिळते. पण जुनाट होऊन गंजलेलं लोखंड त्यात धरत नाहीत. म्हणून फांदी, फुटलेले पत्रे, आत आलेलं पाणी यांचे फोटो काहीही हलवायच्या आधी काढा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्वेअर येऊन जाईपर्यंत फुटके तुकडे टाकू नका.

परवानगीचा मुद्दा लोक विसरतात आणि मग वॉर्डातून नोटीस आली की घाबरतात. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 342 मध्ये साध्या दुरुस्त्यांना सूट आहे, आणि त्याच मटेरियलने छप्पर बदलणं त्या सुटीत बसतं. वेगळ्या मटेरियलने छप्पर करणं, ते सपाट करणं, घराची लांबी-रुंदी किंवा उंची बदलणं मात्र बसत नाही. तुम्ही सिमेंटवरून धातूच्या पत्र्यावर जाताय, म्हणजे मटेरियल बदलतंय. आर मध्य वॉर्डच्या इमारत व कारखाने खात्याकडे आधी अर्ज द्या आणि पोच घ्या. जुन्या छपराचे, उंची कळेल असे फोटो जोडा. 'दोन फूट उचलून घेऊ, माळा निघेल' असं कंत्राटदार सुचवेल. त्या मोहात पडू नका. त्या दोन फुटांपायी सगळं छप्पर अडचणीत येतं.

उतरवण्याच्या कामाबद्दल मी आग्रहाने लिहितोय, कारण यात जीव जातात. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही. तो वरून मजबूत वाटतो आणि एका क्षणात फुटून माणूस खाली येतो. पर्लिनवर आडव्या फळ्या टाकायच्या, त्यावरूनच चालायचं, कमरेला पट्टा आणि दोर हवा, आणि खाली घरात कुणी थांबायचं नाही. या गोष्टींचे पैसे कोटेशनमध्ये लागले तर खुशाल लागू द्या. 95 हजारवाल्याला विचारा, तुमच्या माणसांना पट्टे आहेत का? नाही म्हणाला तर त्याचा भाव कितीही चांगला असो, त्याला नमस्कार करा.

शिवाय 25 वर्षांपूर्वीचा सिमेंटचा पत्रा म्हणजे त्यात ॲस्बेस्टॉस असणारच असं धरून चाला. अख्खा असताना तो त्रास देत नाही. ग्राइंडर लावला, हातोडीने फोडला की त्याचा बारीक तंतू हवेत उडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेलं आहे. पत्रे पाण्याने भिजवून, हुक कापून, अख्खे खाली उतरवायचे, वरून फेकायचे नाहीत. फुटके तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधायचे, बाकी डेब्रिजमध्ये मिसळायचे नाहीत. काम करणाऱ्यांना साधा रुमाल पुरत नाही, एन-95 मास्कही नाही, पी-100 फिल्टरचा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्या. मुलं आणि आईबाबांना त्या दोन दिवसांपुरतं नातेवाइकांकडे पाठवा.

कोटेशन नव्याने मागाल तेव्हा लमसम, म्हणजे सगळ्याचा मिळून एकच आकडा घेऊ नका. पत्रा किती फूट आणि कोणत्या जाडीचा, लोखंड किती किलो, पन्हाळ किती रनिंग फूट, उतरवणं आणि वाहतूक वेगळी, मजुरी वेगळी असं तोडून मागा, आणि बिल प्रत्यक्ष मोजमापावर होईल असं त्यातच लिहून घ्या. लोखंड वर चढण्याआधी वजनकाट्याची पावती बघा. पैसे माल आल्यावर थोडे, सांगाडा उभा राहिल्यावर थोडे, पत्रा झाल्यावर थोडे असे द्या, आणि दहाएक टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. चांगला कंत्राटदार याला कुरकुरत नाही, त्याला आपल्या कामाची खात्री असते.

शेवटचा प्रश्न वेळेचा. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो. मेअखेरीला सगळ्या उपनगरांत एकदमच छपरं निघतात, मजुरी चढते, आणि घाईत वेल्डिंगवर रंग मारायचाही राहून जातो. तुमच्याकडे अजून पंधरा-वीस कोरडे दिवस असतील, लोखंड चांगलं निघालं आणि नुसता पत्राच बदलायचा असेल, तर परवानगीचा कागद मिळताच करून घ्या. एका वेळी एकच पाखी उघडा, म्हणजे रात्री अर्धं घर झाकलेलं राहील. सांगाडाच बदलायचा असेल तर माझं मत आहे, यंदा करू नका. मोडलेल्या सात जागी तेवढेच पत्रे बसवून घ्या, त्यावर जाड ताडपत्री आढ्याच्या पलीकडे चार-पाच फूट जाईल अशी टाका, आणि मुख्य काम ऑक्टोबरात, लोखंड कोरडं आणि माणसं निवांत असताना करा. ताडपत्रीवर विटा आणि दगड ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती टाळा. वाऱ्यात त्याच विटा खाली येतात आणि उरलेले पत्रेही फोडतात. तिच्या कडा बांबूला गुंडाळून तो बांबू नायलॉनच्या दोरीने भिंतीतल्या हुकांना बांधा, आणि दर मोठ्या सरीनंतर दोऱ्या एकदा ओढून बघा.